बदामाची बाजू

एकूण चोवीस तुकडे होते आणि तुकड्यामागे दीड हजार मिळणार होते. म्हणजे छत्तीस हजार. त्यातून माइकला गेले फार तर चार. उरले बत्तीस. वादकाने हा हिशेब एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तीनदा केला आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला, याचंच त्याला आश्चर्य वाटलं. नोकरी गेल्यापासून त्याचे हिशेब दर वेळी नवं उत्तर द्यायचे.

एकोणीस वर्षं तो एका हॉटेलच्या लाउंजमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. गेल्या वर्षी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून त्याचा हात हातात घेतला. मॅनेजरने एका हाताने हात धरला की समजावं, दुसऱ्या हातात पत्र आहे. घरी येऊन वादक म्हणाला, "मशीन बसवतायत. माणसं नकोत त्यांना आता." बायको म्हणाली, "असं होय," आणि टाइप करत राहिली.

टाइप करणं हा तिचा धंदा. वकिलांच्या ऑफिसातून साक्षीदारांचे रेकॉर्ड केलेले जबाब यायचे. ती कानाला हेडफोन लावून ते ऐकायची आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायची. नुसते शब्दच नाहीत, तर साक्षीदार थांबला, खोकला, अडखळला, सगळं कंसात लिहायचं. ऐकू आलं नाही तिथे ‘अस्पष्ट’. पानाप्रमाणे पैसे. हे काम ती जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीवर दोन उशा घेऊन करायची आणि तिची पाठ दोन वर्षं कुरकुरत होती. धड टेकायची एक खुर्ची तिने दुकानात बघून ठेवली होती. तीन हजार आठशे. डब्यात बरोबर तेवढे जमले होते, त्याच आठवड्यात माइकची गरज उपटली.

झालं असं, की फोनवर ‘कृपया थांबा’ म्हटल्यानंतर आपल्या कानात जे संगीत ओततात, ते तयार करणाऱ्या एका कंपनीला घरबसल्या वाजवून देणारे वादक हवे होते. आधी नमुना पाठवायचा, एक संथ आणि एक जलद; पसंत पडला तर चोवीस तुकड्यांचं काम. शुक्रवारी पाचच्या आत. वादकाकडे सॅक्सोफोन होता, सूर तोंडपाठ होते, वेळ तर पोत्याने होता. माइक तेवढा नव्हता.

"खुर्ची काय पळून जाते का?" बायको म्हणाली आणि डबा पुढे केला.

"बत्तीस हजार मिळणार आहेत गं. तुला सिंहासन घेऊ."

"आधी माइक घ्या."

खरेदीला बरोबर मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ मोबाइलची कव्हरं विकायचा, त्यामुळे घरात तो इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार समजला जायचा. एरवी तो कव्हरांच्या बाहेर गेला नव्हता.

दुकानदाराने काचेतला पहिला माइक काढून मऊ कापडावर ठेवला. वादकाने किंमत विचारली.

"बासष्ट हजार."

वादकाने हात पाठीमागे घेतले, चुकून धक्का लागायला नको म्हणून. "अहो, एवढ्यात माझा सॅक्सोफोन येतो," तो म्हणाला, "आणि वर वाजवणाराही!"

"घरच्या घरी करायचं आहे हो," मेहुणा म्हणाला. "चारच्या आतलं दाखवा. आम्ही काय नभोवाणी काढतोय?"

दुकानदाराने न चिडता तीन माइक मांडले. पहिला हातात धरायचा, अडीच हजारांचा. दणकट, पडला तरी तुटणार नाही. पण तो सरळ कॉम्प्युटरला जोडता येत नाही. मधे एक डबी लागते आणि डबी पाच हजारांची.

"म्हणजे घोडा स्वस्त, लगाम महाग," मेहुणा म्हणाला.

दुसरा बोटाएवढा, सॅक्सोफोनच्या काठाला चिमट्याने अडकवायचा. पण त्यात बोटांखालच्या चाव्यांची टकटक सुरांच्या बरोबरीने येणार. तिसरा उभा, डब्यासारखा, सरळ कॉम्प्युटरला वायरने लागणारा. तीन हजार आठशे.

"हाच घ्या," दुकानदार म्हणाला. "आणि एक सांगतो. लोक माइक भोंग्याच्या तोंडाशी नेऊन ठेवतात. सॅक्सोफोनचा आवाज काही फक्त भोंग्यातून येत नाही, सगळ्या छिद्रांतून येतो. तेव्हा माइक चाव्यांच्या मध्यावर धरायचा, हातभर लांब. दुसरं म्हणजे याला पाठ आणि पोट आहे. हा—"

"ते सगळं माहीत आहे आम्हाला," मेहुणा म्हणाला. "दोनशे कमी करा."

दुकानदाराने एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा माइककडे. मग माइक खोक्यात घातला आणि तीन हजार सहाशेचं बिल केलं. किंमत दोनशेने उतरली की सल्लाही तेवढाच उतरतो. उरलेले दोनशे मेहुण्याने परतीच्या टॅक्सीला लावले.

शुक्रवारी दुपारी तीनला घर सज्ज झालं. घर म्हणजे दीड खोली. कॉम्प्युटर बायकोच्या टेबलावर आणि माइकची वायर हातभर, त्यामुळे माइकही तिच्याच टेबलावर, तिच्या हनुवटीपासून वीतभर. हातभर अंतराचा सल्ला असा वायरने गिळला. सॅक्सोफोनचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये आणि तो घुमूही नये म्हणून वादक सहा पावलं लांब, उघड्या कपाटाशी, साड्या आणि कोटांच्या पुढ्यात उभा राहिला. तिला संध्याकाळपर्यंत एक जबाब द्यायचा होता, पण टाइप करून झाला होता. "मी फक्त तपासत बसते," ती म्हणाली. "कीबोर्डला हात नाही लावणार. तुम्ही वाजवा."

मेहुण्याने माइक उचलून सगळीकडून पाहिला. एका बाजूला आवाज कमीजास्त करायचं गोल बटण होतं. दुसऱ्या बाजूला एक छोटं चिन्ह कोरलेलं होतं, पत्त्यांतल्या बदामासारखं.

"हे काय रे?" वादकाने विचारलं.

"नक्षी. कंपनीवाले काढतात." मेहुण्याने माइक ठेवला. "बटण तुमच्याकडे करतो, भावोजी. लागलं तर चटकन फिरवता येईल. बदाम राहू दे ताईकडे."

"बघ," वादक बायकोला म्हणाला, "या वयात तुझ्याकडे बदाम केलाय."

"एकोणीस वर्षं उशीर झाला," ती म्हणाली आणि कागद पुढे ओढले.

वादकाने संथ तुकडा वाजवला, मग जलद. वाजवून झाल्यावर वळून म्हणाला, "छान झालं ना?" ती म्हणाली, "हो, छान." मेहुण्याने रेकॉर्डिंग थांबवलं. कॉम्प्युटरच्या टिचभर स्पीकरवर पहिल्या चार ओळी ऐकल्या. आवाज जरा लांबून येत होता. "लांबून येतोय तेच बरं, भारदस्त वाटतं," मेहुणा म्हणाला आणि त्याने आवाज वाढवला. कलावंत स्वतःचं वाजवलेलं चार ओळींच्या पुढे ऐकत नाही. चौथ्या ओळीला त्याचं समाधान झालेलं असतं. पाचला दहा मिनिटं असताना नमुना गेला.

सोमवारी सकाळी अकराला फोन आला. कंपनीच्या संगीतवाल्या बाई बोलत होत्या. वादकाने हाताने खूण करून बायकोला टाइपिंग थांबवायला लावलं आणि फोनचा स्पीकर चालू केला, तिनेही बत्तीस हजार ऐकावेत म्हणून.

"नमुना मिळाला," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुठे?"

"रेकॉर्डिंगमध्ये."

"कुणी नाही. मी आणि माझा सॅक्सोफोन."

"बरं. मग साक्षीदार कोण?"

वादकाने बायकोकडे पाहिलं. बायकोने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"कुठला साक्षीदार?"

"ऐका तुम्ही ते," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. "हेडफोन लावून, शेवटपर्यंत. मी चार वाजता फोन करते."

हेडफोन घरात एकच होता, तिचा. वादकाने तो चढवला. पहिल्या चार ओळी ओळखीच्या होत्या. पाचव्या ओळीवर त्याच्या कानाजवळ, अगदी कानाच्या पाळीला लागून, एक बाई पुटपुटली:

"बरा आहे."

त्याने दचकून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

सॅक्सोफोन दूर कुठेतरी, दुसऱ्याच्या घरी वाजावा तसा वाजत होता. बाई मात्र इथेच होती. "श्वास. आता घ्या. घ्या हो." सॅक्सोफोन पुढे गेला. "नाही घेतला. येथे साक्षीदाराचा दम संपतो." आणि खरोखर पुढचाच लांब सूर शेवटाला विझल्यासारखा खाली आला.

वादकाने रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. सूर दुसऱ्यांदाही खाली आला. आधी बाई बोलायची, मग चूक व्हायची. चूक होणार हे तिला त्याच्या आधी कळत होतं.

जलद तुकडा सुरू झाला. "साक्षीदार घाईत," बाई म्हणाली. मग, "अस्पष्ट." मग पुन्हा, "अस्पष्ट. डावी करंगळी मागे राहिली." वरच्या अवघड जागी त्याने दोन सूर गाळून तिथे एक नखरेल हरकत घेतली होती, एकोणीस वर्षं घ्यायचा तशी; टाळ्या पडायच्या तिथे. बाई म्हणाली, "येथे साक्षीदार प्रश्न टाळतो." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "इथंच मॅनेजरने वर पाहिलं होतं."

शेवटी त्याचा स्वतःचा आवाज आला, दुरून, खूश: "छान झालं ना?" आणि जवळून, स्वच्छ, त्याच बाईचा: "हो, छान."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा पाहून बायकोने न विचारता तो उचलला आणि ऐकायला बसली. तिच्या बाबतीत उलटा प्रकार झाला. सॅक्सोफोन तिला नवा नव्हता. स्वतःचा आवाज ऐकून ती पांढरी पडली.

"ही मी?"

"मग काय शेजारीण?"

"मी बोलत होते? मोठ्यानं?" तिने तोंडावर हात ठेवला. "अहो, मी जबाब तपासताना पुटपुटते. सवय आहे. पण कागद जबाबाचे होते... मी कागद वाचतच नव्हते?"

"नव्हतीस. मला वाचत होतीस."

दोघांनीही त्या डब्यासारख्या माइककडे पाहिलं. बदाम तिच्याकडे होता. वादकाने खोक्यातून माहितीचं पत्रक काढलं, जे आजवर कुणी काढलं नव्हतं. त्यात चित्र होतं. बदाम ज्या बाजूला, तिकडचं ऐकतो. मागचं जवळजवळ ऐकत नाही. मेहुण्याने नक्षी म्हणून बाजूला सारलं, तेच माइकचं पोट होतं, आणि वादकाने दोन्ही तुकडे माइकच्या पाठीला ऐकवले होते.

पण राग माइकवर काढता येत नाही.

"एकोणीस वर्षं!" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं ऐकतेस आणि एक शब्द नाही! मला वाटायचं तुला यातलं काही कळत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली, आणि हे ती खरं बोलत होती.

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"रोज विचारतो! छान झालं ना, म्हणून रोज—"

"त्याला सूचक प्रश्न म्हणतात. उत्तर आतच भरलेलं असतं. वकिलाने तसा विचारला तर समोरचा वकील उठून उभा राहतो." ती थांबली. "आपल्या घरी समोरचा वकील कोण?"

त्याने दुसरं दार ठोठावलं. "आणि मॅनेजरने वर पाहिलं होतं म्हणजे? तू कुठे होतीस?"

ती उशी नीट करू लागली. दोनदा केली.

"शेवटच्या आठवड्यात तुम्ही रुमाल विसरला होतात. द्यायला आले होते. खांबामागे उभी होते. तुम्ही तीच जागा टाळलीत, मॅनेजरने मान वर केली आणि वहीत काहीतरी लिहिलं." मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत गेले होते. मशीन नाही बसवलेलं. पियानोवाला बसतो तिथं. माणूसच आहे."

वादक खाली बसला. नेमका तिच्या लाकडी खुर्चीवर बसला आणि ती किती टोचते हे त्याला पहिल्यांदा कळलं.

"तुला वर्षभर माहीत आहे?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही मशीन म्हणालात. साक्षीदार जे बोलेल ते टाइप करायचं. आपण दुरुस्त करायचं नसतं."

हे ती धंद्याच्या सरळ आवाजात बोलली. डोळे मात्र खिडकीकडे होते.

चार वाजता फोन आला तेव्हा वादकाने स्पीकर पुन्हा चालू केला. बाई म्हणाल्या, "ऐकलंत? आमच्याकडे तुम्हाला धरून चार वादक आहेत, प्रत्येकाचे चोवीस तुकडे. कोण चांगलं वाजवतं ते मला कळतं. पण कुठे चुकणार ते वाजवण्याआधी सांगणारं माणूस मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना फोन द्या."

"कुणाला?" वादक म्हणाला, जणू घरात रांग होती.

बायकोने फोन घेतला. बाईंनी काम सांगितलं. शहाण्णव तुकडे ऐकायचे, जसं पुटपुटलात तसं कागदावर लिहायचं, कुठला ठेवायचा आणि कुठला परत पाठवायचा ते ठरवायचं. तुकड्यामागे तीनशे.

"पण मला संगीतातलं काही कळत नाही हो," बायको म्हणाली.

"तेच हवंय. तुम्हाला ऐकू येतं."

"आणि यांचं?"

"त्यांनी माइक सरळ करून वाजवावं. तेही तुमच्याचकडे येईल. दुसऱ्यांसारखंच."

फोन ठेवल्यावर मेहुणा आला. त्याने सगळं ऐकलं आणि माइकवरचा बदाम एकदा अंगठ्याने घासून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे ताईला नोकरी लागली, असंच ना? मी बदाम तिकडे केला नसता तर?"

"तू दोनशे कमी केले नसतेस तर," वादक म्हणाला, "दुकानदार वाक्य पुरं करणार होता."

माइकचा बदाम वादकाकडे फिरला. लांब वायर आली, अंतर हातभर झालं, रोख चाव्यांच्या मध्यावर. तीन आठवडे तो सकाळी कपाटाशी उभा राहून वाजवायचा आणि ती बाहेर पायरीवर बसायची, कारण आता तिलाच स्वतःचा भरवसा नव्हता. नंतर बाकीच्या तिघांच्या बरोबरीने त्याचे तुकडेही ती हेडफोन लावून ऐकायची आणि कागद भरायची. तो कागद तिने कंपनीला पाठवायच्या आधी त्याला दाखवला नाही, आणि त्याने मागितला नाही. निदान पहिले दोन आठवडे मागितला नाही.

निकाल कंपनीकडूनच आला. चोवीसपैकी नऊ ठेवले. सगळे संथ. पंधरा परत. शेरा एकच होता: ‘जलद तुकडे यांना देऊ नयेत. डावी करंगळी.’

वादकाने तो उभ्याने वाचला, बसून वाचला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"माझ्याबद्दल? घरातल्या माणसाबद्दल? बावीस हजार पाचशे गेले!"

"साक्षीदार कोण आहे ते टाइप करणाऱ्याने बघायचं नसतं," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज सरळ राहिला नाही. "मी तो शेरा तीनदा खोडला. तुमचे नऊ ऐकलेत का तुम्ही? शेवटपर्यंत? त्या नवांत तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. उरलेल्या पंधरांत त्यांना कशाला मिसळता?"

त्याने हेडफोन घेतला आणि पहिला संथ तुकडा ऐकला. चौथ्या ओळीला थांबला नाही. पाचव्या ओळीत श्वास होता, त्याचा स्वतःचा, माइकने अगदी जवळून धरलेला. शेवटचा लांब सूर पडला नाही. त्याने हेडफोन काढला. तोंड उघडलं. ‘छान’ जिभेवर आलंच होतं. ते त्याने गिळलं, आणि ते गिळताना त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

"कसं झालं?" तो म्हणाला.

ती चकित झाली. मग खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "सातव्या ओळीत अजून श्वास चोरता तुम्ही. वाजवा परत."

त्याने वाजवलं.

तर हिशेब असा. छत्तीस हजारांची आशा होती, नऊ तुकड्यांचे तेरा हजार पाचशे त्याच्या हातात पडले. शहाण्णव तुकड्यांचे अठ्ठावीस हजार आठशे तिच्या. माइक आला तिच्या खुर्चीच्या पैशांतून, म्हणजे किंमत भरली तिच्या पाठीने. खुर्ची आली त्याच्या नवांतून, पूर्ण तीन हजार आठशे देऊन. त्याने घासाघीस केली नाही, आणि दुकानदार जे जे सांगत होता ते सगळं उभं राहून ऐकून घेतलं. मेहुण्याने दोनशे वाचवले आणि दोनशे उडवले, त्याचं खातं चोख. राहिला तो ‘छान झालं ना?’ हा एकोणीस वर्षांचा प्रश्न, ज्याच्या आत उत्तर भरलेलं असायचं. तो त्या घरात परत कुणी विचारला नाही. त्या प्रश्नाची किंमत मात्र वादकाने एकट्याने भरली, आणि रोख.